भासाला वारा कळत नाही

पिवळ्या पाटीचा खालचा कोपरा उन्हाने सुटून वर वळला होता. मी तो अंगठ्याने दाबून बसवत होते, तेवढ्यात कापराचा वास आला. आला म्हणजे, नात्यातलं एखादं माणूस न कळवता दारात येऊन उभं राहावं आणि आपल्या हातातलं काम हातातच राहावं, तसा आला. मी अंगठा तसाच दाबून धरला. हलले तर जाईल असं वाटलं. मे महिन्यातली भर दुपार, एका बाजूला मालगाडी, दुसऱ्या बाजूला एकावर एक रचलेले कंटेनर, डोक्यावर हेल्मेट, साडीवर ते चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, आणि मधल्या चिंचोळ्या सावलीत मी श्वास रोखून उभी. मग भीत भीत, पोळेल म्हणून बेताने कॉफीचा पहिला घोट घ्यावा तसा, थोडासा श्वास आत घेतला. होता. कापूरच होता. थंड, टोकदार, नाकातून सरळ कपाळाच्या मागे जाऊन बसणारा.

चेन्नईत कापराच्या वासाचं काय ते कौतुक, असं कोणीही म्हणेल. इथे रस्त्याच्या प्रत्येक वळणावर एक देव आहे आणि प्रत्येक देवापुढे कापूर जळतो. पण मला गेल्या कित्येक वर्षांत कसलाच वास आला नव्हता. साथीच्या दुसऱ्या लाटेत ताप आला, आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. तसं जागेवर होतं, चष्मा ठेवायला उपयोगी पडत होतं. आतलं मात्र सगळं सामान गेलं. रसमात हिंग पडला की नाही कळेना. दूध उतू जाऊन करपलं तरी मी आपली शेजारी उभी राहून पेपर वाचते आहे. माझे यजमान राघोत्तम चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी हे नवं काम अंगावर घेतलं, घरातलं नाक होण्याचं. सुरुवातीला कामापुरतंच बोलत. "सुंदरा, दूध लागतंय गे." "आंबटी उतरली आतां, बंद कर." मग त्यांना त्यात गोडी लागली. संध्याकाळी वेस्ट मांबलमच्या आमच्या गॅलरीत उभं राहून ते मला आकाशवाणीसारख्या बातम्या देऊ लागले. समोरच्या मामींकडे कॉफी दळताहेत. खालच्या इस्त्रीवाल्याने कोळसे नवे घातले. पाऊस पडतोय कुठेतरी, इथे नाही, तांबरमकडे असेल. मी ऐकून घ्यायची आणि हो हो म्हणायची. रेडिओवर क्रिकेट ऐकून चौकार दिसल्यासारखं करतात ना, तसं.

नुसतं नाक गेलं असतं तरी निभावलं असतं. पण गेलेल्या नाकाची भुतं परत येऊ लागली. भर गाभाऱ्यापुढे जळक्या रबराचा वास यायचा. मांबलम स्टेशनच्या स्वच्छतागृहात मोगरा. डॉक्टर म्हणाले, अम्मा, घर रिकामं राहिलं की नको ते भाडेकरू घुसतात, मेंदूचंही तसंच आहे, लक्ष देऊ नका. लक्ष देऊ नका! माझं कामच लक्ष देण्याचं. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांना लागून रेल्वेचा एक फाटा आमच्या यार्डात येतो. इथे कंटेनर गाडीवर चढतात, उतरतात. त्यांत जो धोक्याचा माल असतो, पेटणारा, भाजणारा, विषारी, तो नीट जाहीर केलाय का, नीट बांधलाय का, चारी बाजूंना त्याची पाटी आहे का, हे बघून मी सही केल्याशिवाय गाडी सुटत नाही. बघायचं असतं. हुंगायचं असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. तरीसुद्धा दोन उन्हाळ्यांपूर्वी मला एका डब्यापाशी स्वैपाकाच्या गॅसचा असा काही वास आला, की मी गाडी थांबवली, माणसं लांब पळवली, डबा उतरवून उघडायला लावला. आत फरशा निघाल्या. बाथरूमच्या, फिकट निळ्या. त्या दिवसापासून यार्डात माझं नाव मूक्कु अम्मा पडलं. मूक्कु म्हणजे नाक. तमिळ माणूस नाव ठेवतो तेव्हा मागे अम्मा लावून ठेवतो, म्हणजे राग धरता येत नाही.

या कामात मी शिरले ती टाइपिस्ट म्हणून. धोक्याच्या मालाचे कागद टाइप करता करता त्यांचे नियम वाचले, आणि वाचता वाचता मला ते ओळखीचे वाटायला लागले. तंजावरात आमच्याकडे लग्न असलं की पंगत मांडायचं काम आईकडे असे. कोणाच्या शेजारी कोण बसलेलं चालत नाही, हे तिला तोंडपाठ. अमक्या वहिनी आणि तमक्या आत्या यांच्यामध्ये किमान एक बहिरे काका हवेत. धोक्याच्या मालाची पंगत अशीच मांडावी लागते. आम्लाच्या पानाला लागून क्षाराचं पान नको. पेटणारा आणि पेटवणारा यांच्यात अंतर ठेवा, इंजिनाला लागून असला कोणीच नको. आणि पिवळी पाटी, जिच्या कोपऱ्यावर माझा अंगठा होता, ती ज्या मालाची, तो तर सगळ्यात पोचलेला पाहुणा. तो स्वतः कधी भांडत नाही. पण शेजारी ठिणगी पडली की तिला प्राणवायू पुरवत बसतो. अशा पाहुण्याच्या बाजूला एखादी शांत, न बोलणारी वस्तू बसवायची असते. त्या दिवशी मालगाडीच्या त्याच वाघिणीवर त्याच्याशेजारी एक निळा कंटेनरचा डबा बसवला होता. त्याला पाटी नव्हती. कागदावर लिहिलं होतं, पूजेचं सामान, मिश्र. ते वाचून सकाळी मीच म्हटलं होतं, ठीक आहे, सालस दिसतोय.

"काकू, झालं का? इंजिन लागलंय." यश आला. तो यार्डाचा मॅनेजर, साताऱ्याचा, माझ्या भाच्याच्या वयाचा. चेन्नईत मराठी बोलायला मी सापडले म्हणून तो मला काकू म्हणतो. आमचं घरचं तंजावरी मराठी फोनवर ऐकलं की म्हणतो, काकू, आता कोणीतरी तलवार उपसणार असं वाटतं.

"यश, तुला कसला वास येतोय?"

त्याने डोळे मिटून मनापासून प्रयत्न केला. "चेन्नईत आल्यापासून माझ्या नाकपुड्या आळीपाळीने रजेवर असतात. डिझेल... असावं. का?"

"मला कापूर येतोय."

आधी त्याचा चेहरा फुलला. "वास येतोय? तुम्हाला?" म्हणाला. मग त्या चेहऱ्यावर मॅनेजर आला. आनंद आधी आला आणि मॅनेजर नंतर, हे मी मनात त्याच्या नावावर जमा करून ठेवलं. "पण काकू," तो हळू म्हणाला, "टाइल्स."

"टाइल्स मलाही आठवतात."

इतक्यात क्रेनवाल्याला खालून खुणा करणारा रंगा आमच्यात येऊन उभा राहिला. कसला घोळ चाललाय हे कळल्यावर तो इतका हसला की त्याला रुळाला पाय लावून तोल सावरावा लागला. "कर्पूरमा? अक्का, अदु नान दान!" तो वास माझाच, असं म्हणून त्याने कपाळ पुढे केलं. त्यावर पिवळ्या बामाचा जाड लेप होता. ऊन, डोकेदुखी आणि बाम ही चेन्नईच्या उन्हाळ्याची त्रिमूर्ती. बामात कापूर असतोच. मी त्या कपाळाकडे बघत राहिले. एका माणसाच्या डोकेदुखीवरून आगगाडी थांबवणारी बाई, हे पुढचं नाव मला आत्ताच ऐकू यायला लागलं. "रंगा, तू पार त्या टोकाला जा," मी म्हटलं, "आणि मी बोलावीपर्यंत येऊ नकोस." "मला अस्पृश्य केलं, सर!" असं यशला सांगत, हसत, तो गेला. तो दूर जाईपर्यंत मी नाकावर पदर धरला. मग काढला. कापूर होता. पण तो रंगाने मागे ठेवलेला, की डब्याचा, की माझ्याच डोक्यातला, हे कसं सांगणार?

यशने माल पाठवणाऱ्याच्या एजंटला, वेंकटला, फोन लावला आणि आवाज मोठा करून माझ्यासमोर धरला. वेंकट स्कूटरवर होता, मागून हॉर्न वाजत होते. त्या डब्यात काही धोक्याचं आहे का, असं यशने विचारलं. "अय्यो, सार! सामि सामान! देवाचं सामान!" वेंकट ओरडला. "धोका इल्ले, ओण्णुमे इल्ले!" काहीच नाही म्हणाला आणि रहदारीत बुडून गेला. पुन्हा लावला तर उचलेना.

"हे बघा," यश म्हणाला, आणि तो चेष्टा करत नव्हता. "कागद साफ आहे, सील शाबूत आहे. तुम्ही सही करणार नाही म्हणालात, तर मी गाडी सोडणार नाही. तो तुमचा हक्क आहे. पण सील तोडल्याचं कारण लिहावं लागतं. काय लिहू? आणि आत समया-निरांजनं निघाली तर या वेळी तुम्हाला यार्डात नाही ठेवणार. वरून मला तसं स्पष्ट सांगितलंय. बिलिंगच्या एसी खोलीत बसवतील, रिटायर होईपर्यंत."

एसी खोली काही वाईट नसते. माझ्या वयाच्या बायका तिच्यासाठी नवस करतात. पण मला त्या खोलीत बसलेली मी दिसले. समोर पडद्यावर आकडे, आणि मागून कोणीतरी हळूच म्हणतंय, त्याच त्या, नाकवाल्या. त्याहून वाईट म्हणजे मग मला कायमचं कळलेलं असेल, की आज जो आला तोसुद्धा भाडेकरूच होता. गाडी थांबवायची की सोडायची, एवढाच प्रश्न यशपुढे होता. मला माझ्याच अवयवाची साक्ष ग्राह्य धरायची की नाही, ते ठरवायचं होतं. त्याने आधी एकदा खोटी साक्ष दिली होती, आणि ती सगळ्यांच्या लक्षात होती.

"समुद्राचा वारा येईपर्यंत थांब," मी म्हटलं.

"वारा?"

साताऱ्याच्या माणसाला हे कळणं अवघड आहे. इथे उन्हाळ्यात सकाळपासून हवा मरून पडलेली असते. पान हलत नाही. माणसं चिडचिड करतात, पण एका डोळ्याने पूर्वेकडे बघत असतात, कारण दुपारनंतर कधीतरी समुद्र आपलं दार उघडतो. किनाऱ्यावर लवकर, आमच्याकडे जरा उशिरा, पण येतोच. मी यशला एवढंच म्हटलं, की आत्ता वारा नाही, त्यामुळे सगळीकडे सारखंच वाटतंय, वारा आला की मी सांगते. तो घड्याळाकडे, इंजिनाकडे आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "ब्रेकची तपासणी अजून चालू आहे. तेवढा वेळ माझ्या हातात आहे." मग तो गेला नाही. माझ्या शेजारी, कंटेनरला पाठ न टेकता, कारण ती भाजली असती, उभा राहिला.

मी डोळे मिटले. कापूर घट्ट वस्तू आहे, पण तिला घट्ट राहण्याची हौस नसते. आई डबीत कापराबरोबर चार मिरी टाकून ठेवायची, उडून जाऊ नये म्हणून. मी लहानपणी ती डबी चोरून उघडून बघायची. वड्या रोज थोड्या बारीक झालेल्या असायच्या, कोणी न लावता. पाणी होत नाही, राख होत नाही, मग जातो कुठे? आईला विचारलं तर म्हणाली, "त्याला घाई असते गे. कोणी लावो न लावो, तो निघतोच." सर्दी झाली की ती कापराची पुरचुंडी माझ्या गळ्यात बांधायची आणि मी शाळेत दिवसभर देवळासारखी वास मारत बसायची. मुली म्हणायच्या, हिच्यापुढे घंटा वाजवा. इतकं सगळं आठवलं आणि मला धडकी भरली. कारण हे सगळं माझ्या आत होतं. डबी, मिरी, पुरचुंडी, सगळं. मेंदूला वास कुठून चोरून आणायची गरजच नव्हती. पूजेचं सामान असा कागद सकाळी वाचला, आणि त्याने जुन्या डबीचं झाकण सरकवलं, झालं. फरशांच्या वेळीसुद्धा असंच काहीसं झालं असेल. आदल्या रात्री घरचा सिलिंडर संपला होता, हे मला खूप नंतर आठवलं होतं.

डोळे उघडले तर यश आपल्या बुटाने खडी सारखी करत होता. "काकू," तो म्हणाला, "वास येत नसला की कसं वाटतं हो?" इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी कधी येणार असंच विचारलं. मी विचार केला. "काचेतून जग बघितल्यासारखं," असं म्हणणार होते, पण ते पुस्तकी झालं असतं. "जेवणावळीत सगळ्यांना वाढताहेत आणि आपलंच पान चुकवताहेत, असं," मी म्हटलं. तो खडी सारखी करायचा थांबला.

आधी क्रेनच्या दोरीला बांधलेलं लाल फडकं हललं. मग कोणीतरी टाकलेलं प्लॅस्टिक रुळांमधून सरपटत पश्चिमेकडे निघालं. दूर टोकाला रंगाने शर्टाची वरची बटणं सोडली आणि दोन्ही हात पसरून पूर्वेकडे तोंड केलं. वारा माझ्या घामट मानेवर आला, आणि कापूर गेला. असा गेला, की जसा कधी नव्हताच. मी एकदा, दोनदा छाती भरून श्वास घेतला. काही नाही. खारट, ओलसर, बिनवासाची हवा. झालं, मी मनात म्हटलं. बिलिंग. मग कुठूनतरी सावकाश, अगदी आमच्या सरकारी गतीने, एक विचार पुढे आला. मला जळकं रबर यायचं तेव्हा पंखा लावला तरी येत राहायचं. तो मोगरा स्टेशनच्या बाहेर, पुलावर, गाडीत, थेट घरापर्यंत माझ्यामागे यायचा. खिडकी उघडा, पाठ फिरवा, त्याला काही फरक पडत नसे. भासाला वारा कळत नाही. हा मात्र वारा येताच गेला होता. म्हणजे वाऱ्याने तो नेला होता. नेला असेल तर कुठेतरी ठेवलाही असेल.

मी पळाले नाही, यार्डात पळायला बंदी आहे. पण नियमात बसेल तितक्या वेगाने गाडीच्या शेवटच्या वाघिणीला वळसा घालून पश्चिमेच्या बाजूला गेले, आणि तशीच चालत निळ्या डब्यापाशी आले. डब्याच्या वरच्या कोपऱ्यात हवा जायला बारीक भोकं असतात. त्यांच्या खाली उभी राहिले. तिथे कापूर अंगावर कोसळत होता. मी पुन्हा वळसा घालून पूर्वेला गेले. नाही. पुन्हा पश्चिमेला. आहे. यश गाडीच्या टोकाशी उभा राहून मला एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने येताना बघत होता.

"काकू, प्रदक्षिणा घालताय का?"

"डबा उतरव," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. लग्नात पंगतीवरून एखाद्या मोठ्या मानकऱ्याला उठवताना आईचा असा व्हायचा. "मी सही करत नाही. आत कापूर आहे, आणि बराच आहे. या पिवळ्याच्या शेजारून तो आधी उठव."

"नक्की?"

"नक्की."

त्याने पुढे काही विचारलं नाही. शिट्टी फुंकली, रंगाला हाताने बोलावलं. क्रेनने निळा डबा वर उचलला तेव्हा तो उन्हात क्षणभर अधांतरी थांबला. खालून बघताना माझ्या मनात फरशा येऊन गेल्या. येऊन गेल्या एवढंच.

वेंकट आला तो स्कूटर उभी करायच्या आधीपासून बोलतच. माणूस लबाड नव्हता. कपाळावर ठसठशीत कुंकू, खिशाला दोन पेनं, आणि चेहऱ्यावर देवाचा माल अडवलेल्या माणसाचा खराखुरा धक्का. कापूर आहे, होय, आहे की! लपवलंय कुठे? पूजेच्या सामानात कापूर नसेल तर काय असेल, टायर? "अम्मा, धोका म्हणता?" तो मला तमिळमध्ये म्हणाला. "घरात रोज सामिपुढे लावतो. लहान पोरं त्यावर हात फिरवून डोळ्यांना लावतात. आजवर सामिचं काही जळलं का?"

"वेंकट, तुम्ही ताटात एक वडी लावता," मी म्हटलं. "हा डबा केवढा आहे बघा. एवढं ताट कोणत्या सामिला पेलेल?"

त्याने डब्याकडे बघितलं. तो त्याला पहिल्यांदाच डबा म्हणून दिसत होता असं वाटलं. इतके दिवस बहुधा देव्हाराच दिसत असावा. आणि खरं सांगायचं तर मलाही सकाळी तोच दिसला होता. आपल्याकडे विषावर कवटी काढतात, पेट्रोलपंपावर काडी ओढायला बंदी असते, पण जे देवापुढे जळतं ते जळणारं आहे हे डोक्यात येतच नाही. "मग कुंकूसुद्धा धोक्याचं?" त्याने पडलेल्या आवाजात विचारलं. "कुंकू निर्दोष आहे," मी म्हटलं, आणि तो बिचारा खरंच सुटल्यासारखा हसला.

डबा मोकळ्या जागेत, सगळ्यांपासून लांब, वाऱ्याकडे पाठ करून ठेवला होता. मोबाइल ठेवायला लावले, विडीवाल्यांना हाकललं, आगीचे बंब दोन्ही बाजूंना आणून उभे केले. वेंकटच्या समोर सील तोडलं. रंगाने दांडा फिरवून दार ओढलं, आणि डब्याने श्वास सोडला. सगळे दोन पावलं मागे सरले. रंगाच्या डोळ्यांना धारा लागल्या. इतक्या वेळ बाम मिरवणारा तो, "अप्पा! अप्पा!" करत खांद्याने तोंड पुसायला लागला. यश शिंकला, मग पुन्हा शिंकला, मग गुडघ्यांवर हात टेकून शिंकतच राहिला, आणि मध्येच थांबून, ओलं तोंड वर करून, लहान मुलासारखा ओरडला, "काकू! नाक उघडलं!" मी तेवढी जागची हलले नव्हते. आतली खोकी उन्हाने मऊ पडून एकमेकांवर कलली होती, काहींची पोटं फुटली होती. आणि छतावर, भिंतींवर, दाराच्या आतल्या अंगाला, जिथे जिथे वाफ पोचली होती तिथे कापूर पुन्हा घट्ट होऊन बसला होता. बारीक पांढऱ्या सुया. निघायची घाई झाली, पण वाट नव्हती, म्हणून त्याने आतल्या आत एक पांढरं रान उगवून ठेवलं होतं. उन्हाचा तिरपा पट्टा आत शिरला आणि ते सगळं रान पेटल्यासारखं चमकलं. पेटल्यासारखंच, नुसतं. आणि मला मोठ्याने हसायला आलं. मी हसले. यार्डाच्या मधोमध, हेल्मेट घालून, कापराच्या लोटात उभी राहून. मूक्कु अम्मा.

गाडी निळ्या डब्याशिवाय सुटली. मी सही केली तेव्हा यशने सील तोडल्याच्या कारणापुढे 'कापराचा वास' असं लिहिलं, आणि तो कोणाला आला, तर 'त्रिपुरसुंदरी' असं पूर्ण नाव. माझं पूर्ण नाव बरोबर लिहिणारी माणसं फार थोडी. माल नीट बांधून, जाहीर करून पुढच्या गाडीने जाईल, असं वेंकटला समजावलं. तोवर डबा ओळखू यावा म्हणून मी कपाटातून पाट्या आणल्या आणि चारी बाजूंना लावल्या. पेटणाऱ्या घन वस्तूंची पाटी लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची असते. मी ती आयुष्यात शेकड्यांनी लावली असेल. पण रंगा मागे सरकून, कमरेवर हात ठेवून बघत म्हणाला, "अक्का, कोविल सुवर!" देवळाची भिंत. खरंच की. इथल्या प्रत्येक देवळाच्या कोटाला असेच तांबडे-पांढरे उभे पट्टे ओढलेले असतात. वेंकट पाटीच्या जवळ गेला. त्याने चपला काढल्या, हे बहुधा त्याच्याही लक्षात आलं नाही, आणि पाटीला हात जोडले. मग चपला घालून माझ्याकडे वळला आणि मलाही जोडले. मी त्याला, "अहो, राहू दे," म्हटलं. पण फार जोर लावून नाही म्हटलं.

घरी जाताना सेंट्रलला उतरून पार्क स्टेशनवर दुसरी गाडी पकडते. वाटेत वास एकेक करून भेटायला येत होते. सगळे नाही आले. कॉफीच्या दुकानासमोर मुद्दाम उभी राहिले, तिथे अजून काही नाही, नुसती गरम वाफ. पण शेजारच्या बाईच्या वेणीतली शिळी होत चाललेली जाई आली. वड्याचं तेल आलं, अर्धवट. कोणाच्यातरी ओल्या छत्रीचं कापड आलं, आणि छत्री कशाला ओली, म्हणून बघितलं तर ती मासे गुंडाळायला वापरली होती. मी राघोत्तमांना अजून कळवलं नव्हतं. काय सांगणार, आणि ते ऐकून गॅलरीत उभ्या त्या माणसाचं काम जाणार, म्हणून थोडं वाईटही वाटत होतं. एग्मोर गेलं. त्यांचाच फोन आला.

"कां गे सुंदरा, कुठे आहेस? उशीर झाला."

"चेटपट आलं," मी म्हटलं, आणि तेवढ्यात गाडी कूवमच्या पुलावर चढली. ज्यांना कूवम माहीत नाही त्यांना काय सांगू. नदी आहे म्हणतात. साऱ्या शहराचं नको ते पोटात घेऊन ती समुद्राकडे निघालेली असते, आणि पूल आला की अख्खा डबा एका हाताने नाक धरतो. समोरच्या कॉलेजच्या मुलीने ओढणी तोंडावर ओढली. टायवाल्या गृहस्थांनी रुमाल काढला. आणि ती आली. काळी, जाड, कुजलेली, वर्षानुवर्षांची, जशी होती तशी, काही कमी न करता, संपूर्ण.

"अहो," मी म्हटलं, "कूवम."

"कूवम? कां झालं कूवमला?"

"वास येतोय हो. केवढी घाण आहे ही!"

पलीकडून त्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग आवाज चढवून ते दटावत म्हणाले, "मग नाक धर कीं, वेडे!"

"छट्," मी म्हटलं, "धरते कशाला!"

ओढणीवरून ती मुलगी माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. मी उठून दारापाशी गेले, दांडी घट्ट धरली आणि तोंड बाहेर काढून छाती भरून श्वास घेतला, पुन्हा घेतला. पूल फार लहान आहे, याचं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.